पळीवरचे नाव

मित्रांनो, मी एक जुनी चांदीची पळी आहे. लातूरमधल्या एका शाळेत मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर काचेचे कपाट आहे. त्याच्या वरून दुसऱ्या फळीवर, निळ्या मखमलीच्या तुकड्यावर मी पडून असते. माझ्या शेजारी एक अत्तरदाणी आहे, झाकण मोडलेले एक पानदान आहे आणि निजामाच्या काळातले काही हाली रुपये आहेत. मधल्या सुट्टीत तुम्ही येता, काचेला नाक लावता, माझ्यापुढचे कार्ड मोठ्याने वाचता आणि घंटा झाली की पळता. कार्डावर लिहिले आहे : ‘अमेरिकन बनावटीची चांदीची पळी. सन १९७२ च्या दुष्काळात या पळीने शेकडो मुलांचे प्राण वाचवले.’

ते वाचून तुम्ही माझ्याकडे कौतुकाने बघता आणि मला मेल्याहून मेल्यासारखे होते. कारण ते खोटे आहे. कोणी कपटाने लिहिलेले नाही, पण खोटेच. माझ्या तोंडाला कुलूप नसते तर मी पहिल्याच दिवशी ओरडले असते. आज बोलायची संधी मिळाली आहे, तर सगळे सांगून टाकते. चांदीची आहे म्हणून गोडगोड बोलेन, अशी आशा मात्र धरू नका.

माझा जन्म इकडचा नाही. सातासमुद्रापलीकडे, अमेरिकेतल्या एका लहानशा गावात, पावणेदोनशे वर्षांपूर्वी मी घडले. त्या काळी तिकडे चांदी अशी सहज मिळत नसे. लोक साठवलेली नाणी फडक्यात बांधून सोनाराकडे नेत आणि ती आटवून चमचे, पळ्या घडवून घेत. तुमच्या आजीच्या आजीने कलदार रुपये आटवून तोडे केले असतील ना, तसेच ते. माझ्या पाठीवर कारागिराचा शिक्का आहे आणि त्याखाली ‘नाण्याची चांदी’ अशा अर्थाचा एक शब्द आहे.

नाणी आटवण्यामागे आणखी एक शहाणपण होते. नाणे चोरीला गेले तर ते कोणाचे, हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. पळीवर नाव घातले की चोराची पंचाईत होते. म्हणून सोनाराने माझ्या दांड्यावर नव्या नवरीच्या नावाची दोन अक्षरे कोरली. वेलीसारखी वळणदार. चांदी कोणाचीही असू शकते, ती कोणाची हे नावच सांगते, ही गोष्ट मी जन्मतःच शिकले. पुढे तीच माझ्या मुळावर आली.

त्या घरातल्या चार पिढ्यांच्या बायकांनी मला वापरले. सगळ्या उजव्या हाताच्या. उजव्या हाताने भांड्याचा तळ खरवडला की पळीचा डावा काठ झिजतो. माझाही डावा काठ थोडासा सपाट झाला होता. चौथ्या पिढीतली रूथ नावाची मुलगी शिकून परिचारिका झाली, लग्न न करता हिंदुस्थानात आली आणि येताना आईची आठवण म्हणून मला ट्रंकेत घालून घेऊन आली. अहमदपूर-उदगीरकडच्या खेड्यांतून ती जीपमध्ये औषधे घेऊन हिंडे. लोक तिला ‘मिसबाई’ म्हणत. मी आपली ट्रंकेत, तिच्या स्वेटरच्या घडीत पडून होते. इकडच्या उन्हात स्वेटर कोण काढतो? दहा-बारा वर्षे मी उजेड पाहिला नाही.

उजेड दिसला तो दुष्काळात. बहात्तर साल होते. कारळवाडी नावाच्या गावाबाहेर पाझर तलावाचे सरकारी काम निघाले होते. आसपासच्या पाच गावांची माणसे तिथे माती ओढत आणि खडी फोडत. विहिरींच्या तळाशी चिखलसुद्धा उरला नव्हता. जनावरे बाजारात कोणी फुकट घेईना. बायका कामाला येताना लेकरांना बरोबर आणत आणि बाभळीखाली बसवून ठेवत. त्या लेकरांची पोटे पुढे आलेली आणि हातपाय काड्यांसारखे. ती रडत नसत. न रडणारे लेकरू बघितले की मिसबाईचा चेहरा पडे.

तिने तिथे मुलांसाठी अन्नकेंद्र सुरू केले. बाहेरून आलेला लाल मिलो, म्हणजे परदेशी ज्वारी, आणि दुधाची भुकटी ॲल्युमिनियमच्या एका मोठ्या देगेत शिजवून त्याची पातळ पेज करायची आणि प्रत्येक मुलाला एकेक वाटी द्यायची, असे ठरले. शिजवायला तिने सरकारी हजेरीपटावर एक बाई नेमली. तिचे नाव पंचफुला.

पंचफुला कारळवाडीचीच होती. वय असेल अठ्ठावीस-तीस. नवरा केरबा दुष्काळाच्या आधीच तापाने गेलेला. पदरात चार वर्षांची एक मुलगी. तिच्या सासरच्यांनी छप्पन साली बौद्ध धम्म घेतला होता. देव्हाऱ्यातले चांदीचे टाक नदीत सोडले आणि भिंतीवर बुद्धाची तसबीर लावली. घरात देव बदलले, पण गावाच्या नजरेत ती वस्ती जिथे होती तिथेच राहिली. पंचफुला डावखुरी होती, हेही आताच सांगून ठेवते.

पहिल्या दिवशी पेज शिजली. वास बाभळीपर्यंत गेला. पंचफुलाच्या वस्तीतली लेकरे आली आणि खाऊन गेली. बाकीची जागची हलली नाहीत. त्यांच्या आया पदराने तोंड झाकून दुसरीकडे बघत राहिल्या. दुसऱ्या दिवशीही तेच. मिसबाई वाटी घेऊन एकेकीसमोर जाई आणि तोडक्या मराठीत विचारी, “का खात नाही? अन्न चांगले आहे.” कोणी खरे बोलेना. शेवटी एक म्हातारी म्हणाली, “ती डाव्या हातानं वाढती, मिसबाई. डाव्या हाताचं कोन खाईल?” सगळ्यांनी माना हलवल्या. डावा हात म्हणजे बरा आडोसा होता. खरे कारण त्याच्यामागे लपले होते, आणि ते पंचफुलालाही ठाऊक होते.

तिसऱ्या दिवशी एक लहान मुलगी बसल्या जागी आडवी झाली. ती गावच्या ज्ञानोबा पाटलांची नात, चांगुणा. पाटील नावाचेच पाटील उरले होते. दुष्काळाने त्यांच्या हातातही टोपले दिले होते. ते धावत आले, नातीला मांडीवर घेतले आणि देगेकडे बघत बसले. एवढा मोठा माणूस, पण त्याचा हात काही वाटीसाठी पुढे होईना.

मिसबाईने औषधासाठी ट्रंक उघडली. स्वेटर बाजूला झाले आणि माझ्यावर ऊन पडले. पाटलांची नजर माझ्यावर गेली.

“ही चांदीची हाय का?” त्यांनी विचारले.

“हो. माझ्या आजीची,” मिसबाई म्हणाली.

पाटील उठून उभे राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलले, “मग झालं की! चांदीला इटाळ नसतो. देवाच्या टाकाला सोनाराचा हात लागतो, सराफाचा लागतो, म्हून देव बाटतो का? या पळीनं वाढा. चांदीतून आलं ते शुद्ध झालं.” वर म्हणाले, “आन वाढायचं मातर उजव्या हातानं.”

मित्रांनो, देग तीच होती, पेज तीच होती, शिजवणारे हातही तेच होते. मध्ये फक्त मी आले. पण पोट पाठीला लागले की शास्त्रालाही पळवाटा सापडतात. बाभळीखालची लेकरे उठली. पंचफुलाने मला उचलले. उजव्या हाताने तिने आयुष्यात कधी वाढले नव्हते. पहिली पळी चांगुणाच्या वाटीत पडली.

त्या दिवसापासून पुढचा पाऊस होईपर्यंत रोज दोनशेच्या वर वाट्या. सरळ उभे राहून, अंगावर अंग पडणार नाही अशा बेताने, उजव्या हाताने ती वाढी. वाढणे संपून सगळे पांगले की ती मला डाव्या हातात घेई आणि देगेच्या तळाशी चिकटलेली पेज खरवडून काढी. तेव्हा तिचा हात सरसर चाले. ती खरवड उशिरा आलेल्या लेकरांची. त्यांचे झाले की तिच्या मुलीची. आणि उरलीच तर तिची स्वतःची. बहुतेक दिवशी उरत नसे. ॲल्युमिनियमवर घासून घासून माझा उजवा काठ झिजू लागला. मला दुखत होते असे म्हणणार नाही. खरे सांगायचे तर सव्वाशे वर्षांत मला एवढे आपले कोणाच्याच हातात वाटले नव्हते.

आणि कौतुक? ते सगळे माझ्या वाट्याला आले! बाया जाता-येता मला हात लावून कपाळाला लावत. कोणी माझ्या दांड्याला हळद-कुंकू वाहिले. एकीने बाळाचे डोके माझ्या वाटीला टेकवले आणि म्हणाली, “चांदीच्या पळीनं जगीवलं गं माय.” मला धरणारा हात दोन बोटांवर होता. त्याच्याकडे कोणी बघितले नाही. पंचफुलाला ते ‘पळीवाली’ म्हणत. लाज वाटायला मला चेहरा नाही, हे माझे नशीब.

एकदा मिसबाई तिला म्हणाली, “तुला राग येत नाही?”

पंचफुला देग घासत होती. म्हणाली, “राग येतो की. पर लेकरं खाऊन राहिली न्हवं? राग मग करू.”

पुढच्या साली पाऊस झाला, काम बंद पडले आणि केंद्र उठले. मिसबाईची तब्येत ढासळली होती. तिला मायदेशी परत बोलावले होते. जाण्याआधी ती पंचफुलाला जीपमध्ये घालून अहमदपूरच्या बाजाराला घेऊन गेली. भांड्यांवर नाव घालणारा एक माणूस तिथे पोते अंथरून बसला होता. तुमच्या घरच्या तांब्यावर, परातीवर ठिपक्याठिपक्यांची नावे असतात ना, ती असेच लोक घालतात. त्याने खिळा आणि हातोडी घेतली आणि टुकटुक करत माझ्या दांड्याच्या पाठीवर नाव घातले : ‘पंचफुला केरबा, कारळवाडी, दुष्काळ सन १९७२’. पुढच्या बाजूला अमेरिकेतल्या नवरीची दोन अक्षरे, मागच्या बाजूला हे. मिसबाईने मला कायमचे पंचफुलाच्या हाती दिले. मला वाटले, आता मी पूर्ण झाले.

पंचफुला कधी शाळेत गेली नव्हती. रोज थोडा वेळ ती मला मांडीवर घेई आणि त्या ठिपक्यांवरून बोट फिरवी. मग कोळशाने जमिनीवर तसेच ठिपके काढी. असे करत ती आपले नाव लिहायला शिकली. दुसरी अक्षरे तिला येत नव्हती. नाव तेवढे येई, आणि तेही रेघ ओढून नव्हे, तर माझ्यासारखे ठिपके मांडून.

दुष्काळानंतर तिला अहमदपूरला मुलींच्या एका सरकारी वसतिगृहात रोजंदारीवर स्वयंपाकीण म्हणून घेतले. मुलीला शाळेत घातले. वर्षे गेली. ब्याऐंशी साली ऑगस्टच्या पंधरा तारखेला लातूर जिल्हा वेगळा झाला. पताका लागल्या, पेढे वाटले गेले, नव्या पाट्यांचा रंग अजून ओला होता. पाठोपाठ बातमी आली, की ज्या रोजंदारीवाल्यांची दहा वर्षे भरली असतील त्यांना कायम करणार, आणि ज्यांची भरली नसतील त्यांना घरी बसवणार. पंचफुलाची वसतिगृहातली वर्षे कमी पडत होती. अन्नकेंद्राचे दिवस धरले तरच दहा भरत. आणि अन्नकेंद्राचा कागदच सापडेना. उस्मानाबादेत विचारले तर म्हणत, “गठ्ठे लातूरला गेले.” लातूरला विचारले तर म्हणत, “आलेच नाहीत.” एका जिल्ह्याचे दोन होताना तिचे एक वर्ष मध्येच कुठे तरी सांडले होते.

तेव्हा कोणी तरी तिला भगवानरावांचे नाव सांगितले. भगवानराव म्हणजे लातूरचे निवृत्त हेडमास्तर. गोरगरिबांचे अर्ज फुकट लिहून देत. दुसरा नाद जुन्या चांदीचा. अत्तरदाण्या, पानदाने, हाली रुपये, कुठे काय मिळेल ते आणत आणि जीव लावून पुसत बसत. पंचफुलाने पदराखालून मला काढून त्यांच्या टेबलावर ठेवले, तेव्हा ते अर्ज विसरले. भिंग आणले. शिक्का पाहिला. “नाण्याची चांदी!” ते पुटपुटले. “बाई, अहो अशी वस्तू मी फक्त पुस्तकात बघितली.” मग काठ बघून म्हणाले, “डावा झिजलेला आहे, उजवाही झिजलेला आहे. म्हणजे हिला कोणी तरी डावखुऱ्यानेही वापरले.”

“मी की,” पंचफुला म्हणाली.

त्यांनी मला उलटे करून मागचे नाव वाचले. त्यांचे डोळे भरून आले. “हाच पुरावा,” ते म्हणाले. “नाव आहे, गाव आहे, साल आहे. अजून काय पाहिजे? जिल्हा कचेरीतल्या साहेबांकडे मी येतो. गावातला एक वजनदार माणूसही साक्षीला बोलावू.”

माणूस सोन्यासारखा होता. पण नादापायी शहाणासुद्धा चुकतो. मी काळी पडले होते आणि त्यांना ते बघवेना. “साहेबांसमोर अशी कळकट नको. उजळून घेऊ,” ते म्हणाले. पंचफुला म्हणाली, “राहू द्या मास्तर, हाय तशीच.” पण ते ऐकतील तर ना! त्यांचा एक विश्वासातला कारागीर नांदेडच्या सराफ्यात होता. ते स्वतः मला घेऊन नांदेडला गेले, कारागिराच्या हातात दिले, “आरशासारखी झाली पाहिजे,” एवढेच बोलले आणि कोणाकडे तरी जुनी गुलाबदाणी आली आहे असे कळले, म्हणून ते बघायला निघून गेले.

त्या कारागिराला मी दोष देत नाही. जन्मभर त्याच्याकडे मोडीची भांडी येत. माणूस जुने भांडे विकत घेतो तेव्हा पहिल्यांदा त्यावरचे परक्याचे नाव घासून काढतो. दुसऱ्याच्या नावाचे भांडे घरात कोण ठेवतो? सांगावे लागत नाही, ती रीतच आहे. मास्तर जुन्या वस्तू विकत घेतात, हे त्याला माहीत होते. त्याने मला उलटे केले, ठिपक्यांचे नाव बघितले आणि कानस उचलली. मी किंचाळले. पण चांदीचे किंचाळणे कानशीच्या आवाजातच मिसळते, मित्रांनो. आधी साल गेले, मग गाव, मग केरबा. पंचफुलाचा ‘पं’ शेवटी गेला. पुढची अमेरिकेतली अक्षरे त्याला वाचता येईनात. त्याने ती वेलबुट्टी समजून जपली, उलट बारीक दोऱ्याने त्यांच्यातला मळही काढला. मग मला चकचकीत करून गुलाबी कागदात बांधले. भगवानरावांनी ती पुडी तशीच खिशात घातली. नव्या कागदाची घडी मोडायला त्यांना जिवावर आले.

ती घडी कचेरीत मोडली. भाड्याच्या इमारतीतली नवी कचेरी होती, भिंतींना चुन्याचा वास येत होता. साहेब तरुण होते आणि वागायला बरे होते. एका बाजूला पंचफुला उभी, दुसऱ्या बाजूला ज्ञानोबा पाटील. पाटील आता पार थकले होते. त्यांच्या भावकीतले दोघे दाराशी टेकून उभे होते. भगवानरावांनी मोठ्या ऐटीत पुडी सोडली आणि मला साहेबांच्या हातात दिले. “मागे बघा,” ते म्हणाले.

साहेबांनी मागे बघितले. “काय बघू?”

भगवानरावांनी मला हिसकावून घेतले. अंगठ्याने माझी पाठ चाचपली. पुन्हा चाचपली. मग ते खुर्चीत बसले. “होते हो,” एवढेच त्यांच्या तोंडून आले. पंचफुलाने हात पुढे केला, डावा. जिथे नाव होते तिथून बोट फिरवले. बोट घसरून सरळ खाली आले.

“पुन्हा घालून आणतो,” भगवानराव म्हणाले.

“आज घातलेले नाव बहात्तरचा पुरावा कसा होईल, गुरुजी?” साहेब म्हणाले. मग ते पाटलांकडे वळले. “तुम्ही सांगा. गावचे वडीलधारे आहात. दुष्काळात तुमच्या मुलाबाळांना जेवू घालणारी ती हीच बाई का? तुम्ही सांगितलेत तर मी लिहून घेतो.”

पाटलांनी माझ्याकडे बघितले. मग दाराशी उभ्या भावकीकडे बघितले. गेली दहा वर्षे सगळ्या गावाने एकमेकांना हेच सांगितले होते, की आपण चांदीचे खाल्ले. ते आता एका माणसाने मोडायचे होते.

“साहेब,” ते म्हणाले, “आमी चांदीच्या पळीचं खाल्लं. पळी कुनाच्या हातात व्हती, ते आमी बघितलं न्हाई.”

मी टेबलावर पडून लखलखत होते. त्या लखलखाटाची मला आयुष्यात एवढी किळस कधी आली नव्हती.

पंचफुला पाटलांकडे वळली. मला वाटले, दहा वर्षे राखून ठेवलेला राग आता बाहेर येईल. ती म्हणाली, “पाटील, चांगुणा कशी हाय?”

पाटलांची मान खाली गेली. “बरी हाय. सोयरीक जमली औंदा.”

“बरं झालं,” ती म्हणाली. “पैल्या दिवशी वाटी धराया तिच्या बोटांत जीव नव्हता. मीच धरली व्हती.”

पाटील रडले. पण साक्ष काही त्यांनी बदलली नाही. भावकी दाराशीच उभी होती.

पुरावा नसल्याने अर्ज मागे घेत असल्याचा एक कागद कारकुनाने पुढे केला आणि अंगठ्याची शाई उघडली. “अंगठा न्हाई, सही करते,” पंचफुला म्हणाली. तिने डाव्या हातात पेन घेतले आणि एकेक ठिपका मांडू लागली. टुक, टुक, टुक. कारकुनाला हसू आले. भगवानराव मात्र ताडकन उठले. माझ्या पाठीवरून गेलेले नाव त्या कागदावर जसेच्या तसे उमटत होते, तोच वाकडा ‘पं’, तोच अपुरा ‘फु’. “साहेब, हे बघा! हे तेच अक्षर आहे!” ते ओरडले. साहेबांनी कागद जवळ ओढून ती सही बघितली. “दिसते आहे, गुरुजी,” ते हळू आवाजात म्हणाले. “पण यावर मी काय लिहू?”

बाहेर आल्यावर भगवानरावांनी मला तिच्यापुढे धरले. तिने माझ्याकडे बघितले, पण मला हातात घेतले नाही. “लोकान्ला ही लागती, मास्तर. मी न्हाई लागत. ठिवा तुमच्यापाशीच,” ती म्हणाली आणि पायऱ्या उतरून गेली. त्यानंतर मी तिला पाहिले नाही. मुलीला शाळेतून काढून ती हदगावकडे भावाच्या गावी कापूस वेचायला गेली, एवढे भगवानरावांच्या बोलण्यातून कळले. ते तिला शोधायला दोनदा गेले होते. दोन्ही वेळा ती कामाच्या मागे दुसऱ्या गावी गेलेली होती.

भगवानरावांनी पुढे जुनी चांदी गोळा करायचे सोडले. माझ्यासाठी त्यांनी स्वतःच्या हाताने एक लांबलचक कार्ड लिहिले. त्यात पंचफुलाचे नाव होते, डाव्या हाताची गोष्ट होती, आणि स्वतःची चूकही होती. ते वारल्यावर त्यांचा संग्रह तुमच्या शाळेकडे आला. ते कार्ड चौकटीत मावेना, म्हणून कोणी तरी त्याच्या दोन ओळी करून टंकलेखन केले. दोन ओळींत मी मावले. ती मावली नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असे माझ्यासारख्या वस्तू नेहमी सांगतात. मला ते सांगायचे नाही. मी नीट आहे. मला मखमल आहे, काच आहे, दर महिन्याला शिपाई मला पुसतोही. त्याला एवढेच सांगा, की काठ फार घासू नकोस. नाव कानशीने जाते, पण झीज भरून काढता येत नाही, म्हणून तेवढी माझ्याजवळ राहिली आहे. उद्या मधल्या सुट्टीत याल तेव्हा माझा उजवा काठ बघा. तुमच्यात कोणी डावखुरा असेल तर त्याला बाईंच्या परवानगीने मला हातात घेऊ द्या. रिकाम्या भांड्याचा तळ खरवडतो तसा हात फिरवायला सांगा. काठ बरोबर बसेल. मग वहीचे एक पान फाडा, त्यावर ठिपक्याठिपक्यांनी नाव लिहा आणि माझ्यापुढच्या कार्डावर ठेवून द्या. शिपायाने काढले तर पुन्हा लिहा.

पंचफुला केरबा, कारळवाडी.